एका माळेचे मणी की एका कुळीचे? ‘कॉन्जेनर’ या शब्दाची कुळकथा आणि आंबोलीचा भेक

१/२४
मृगाच्या पहिल्या दमदार सरी आंबोलीच्या सड्यांवर कोसळल्या, की जांभ्या कातळातल्या उथळ खळग्यांत पाणी साचते. एरवी दगडांच्या आडोशाला दडून असलेला एक लहानखुरा भेक त्या पाण्याच्या ओढीने बाहेर पडतो. त्याच्या कुशींवर पिवळेजर्द पट्टे असतात. त्याच खळग्यांत त्याची वीण होते, अंडी घातली जातात आणि पाणी आटण्याआधी पिलांना पाय फुटावे लागतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी तालुक्याच्या या घाटमाथ्यावर वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा ओला घाटमाथा हेच त्या भेकाचे घर.

२/२४
या भेकाचे भाऊबंद कोण, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचे शास्त्रीय उत्तर २००९ मध्ये मिळाले आणि ते उत्तर एका जुन्या इंग्रजी शब्दाच्या अर्थावर उभे आहे. तो शब्द ‘कॉन्जेनर’. अर्थ: एकाच प्रकारातली दुसरी वस्तू, एकाच कुळीतला दुसरा जीव. सारख्या वस्तूंसाठी इंग्रजीत शब्दांचा तुटवडा नाही. मात्र या शब्दात सारखेपणाचे कारणही दडलेले आहे. त्या कारणाचा इतिहास लॅटिनपासून कोकणच्या कातळापर्यंत येतो.

३/२४
शब्दाची फोड सोपी आहे. लॅटिनमध्ये ‘कॉन’ म्हणजे सह, एकत्र. ‘गेनुस’ म्हणजे जन्म, कूळ, प्रकार. ज्यांचे कूळ एक, ते ‘कॉन्जेनर’. लॅटिनमधील हा शब्द फ्रेंचमध्ये रुळला आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी लेखनात दिसू लागला. त्याच सुमारास युरोपात वनस्पती आणि प्राणी यांची मोजदाद व मांडणी जोरात सुरू होती. जगभरातून जहाजांनी आणलेले नमुने ढिगाने साठत होते आणि ‘हे कशासारखे आहे?’ हा प्रश्न रोजचा झाला होता. शब्द योग्य वेळी हाताशी आला.

४/२४
‘गेनुस’ हा मराठी वाचकाला परका वाटतो. पण तो जवळचा नातलग आहे. संस्कृतमधील ‘जन्’ हा धातू, ग्रीकमधील ‘गेनोस’ आणि लॅटिनमधील ‘गेनुस’ ही एकाच प्राचीन मुळाची पालवी होय. जन, जन्म, जनक, जाति हे सारे त्याच मुळाचे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा, असे प्रतिपादन केले. त्या भाषणाने तुलनात्मक भाषाशास्त्राला मोठी चालना मिळाली. भाषांनाही भाऊबंद असतात, हा विचार रुजला.

५/२४
याच मुळाचा गोतावळा इंग्रजीत पसरलेला आहे. नातलग या अर्थाचा ‘किन’, प्रकार या अर्थाचा ‘काइंड’, एका मुळाच्या शब्दांसाठी वापरला जाणारा ‘कॉग्नेट’ आणि लॅटिनमधील ‘नातुरा’पासून आलेला ‘नेचर’ हे सारे त्याच जन्मवाचक मुळाशी पोहोचतात. आता मराठीतील ‘सजातीय’ हा शब्द पाहावा. ‘स’ म्हणजे सह, समान. ‘जाति’ म्हणजे जन्माने लाभलेला प्रकार. ‘कॉन्जेनर’ आणि ‘सजातीय’ यांची घडण जवळपास एकाच साच्यातली आहे. हजारो मैलांच्या अंतरावर दोन भाषांनी सारखेपणाचा विचार ‘सहजन्म’ या कल्पनेतून केला.

६/२४
मराठीत सारखेपणा सांगणारे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत आणि त्यांतील भेद मार्मिक आहे. ‘एका माळेचे मणी’ म्हटले, की कुणीतरी दोरा घेतला, मणी निवडले आणि ओवले, असे चित्र उभे राहते. मणी एकत्र आले ते ओवणाऱ्याच्या इच्छेने. ‘एकाच जातकुळीचे’ म्हटले, की ते एकत्र जन्मले, असा दावा होतो. कुणी ओवो अथवा न ओवो, नाते आहेच. पहिला सारखेपणा पाहणाऱ्याच्या नजरेतला आहे, दुसरा वस्तूच्या इतिहासातला. ‘कॉन्जेनर’ या शब्दाचा सारा प्रवास म्हणजे माळेकडून कुळीकडे झालेली वाटचाल.

७/२४
खुद्द ‘जात’ हा शब्द मराठीत अनेक कामे करतो. हापूस ही आंब्याची जात, पायरी ही दुसरी. भाताच्या जाती, गुरांच्या जाती, मातीच्याही जाती. माणसांच्या जाती तर आहेतच. ‘जातीच्या सुंदराला काहीही शोभते’ या म्हणीत जात म्हणजे उपजत गुण. शास्त्राच्या दृष्टीने हापूस आणि पायरी हे एकाच आंब्याचे दोन वाण. दोघांचे शास्त्रीय नाव एकच, ‘मँजिफेरा इंडिका’. बाजारातली ‘जात’ आणि शास्त्रातली ‘जाती’ यांत इतके अंतर आहे. एकच शब्द फळालाही आणि माणसालाही लावला जातो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

८/२४
असाच दुहेरी वापर आंबोलीच्या पायथ्यापलीकडील गोव्यात दुसऱ्या भाषेनेही केला. पोर्तुगीजमधील ‘कास्ता’ म्हणजे वंश, कुळी, वाण; द्राक्षांच्या वाणांनाही त्या भाषेत हाच शब्द आहे. सोळाव्या शतकात भारतात आलेल्या पोर्तुगिजांनी येथील जातींना तोच शब्द लावला. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात गार्सिया द ऑर्ता हा वैद्य तो या अर्थाने वापरतो. इंग्रजीतील ‘कास्ट’ त्यातूनच आला. म्हणजे माणसांच्या जातींना इंग्रजीत जे नाव पडले, ते मुळात वंशावळीच्या आणि पैदाशीच्या शब्दसंग्रहातले होते.

९/२४
आंबोलीचा घाट ब्रिटिश काळात वेंगुर्ले बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणाऱ्या मार्गावर होता. त्याआधी, सतराव्या शतकात, वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. त्याच डच कंपनीचा मलबारमधील अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने कोचीत एक अजोड ग्रंथ सिद्ध करवला: ‘हॉर्टस मलाबारिकस’, बारा खंड, १६७८ ते १६९३. मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन आणि तीन कोंकणी पंडित, रंगभट, विनायक पंडित व आपू भट, यांचे ज्ञान त्यात आहे. या तिघांनी दिलेली कोंकणी भाषेतील साक्ष नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेली आहे.

१०/२४
या ग्रंथातील स्थानिक नावे बारकाईने पाहण्याजोगी आहेत. वडाला ‘पेरालु’, पिंपळाला ‘अरेआलु’, उंबराला ‘अत्तिआलु’. तिन्ही नावांच्या शेवटी ‘आलु’. मलबारच्या लोकांनी या तीन वेगळ्या दिसणाऱ्या झाडांना एकच आडनाव दिले होते. लिनिअसने पुढे याच झाडांना ‘फायकस’ या एका गटात ठेवले, आणि ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा त्याच्या आधारग्रंथांपैकी एक होता. सजातीय ओळखण्याची कला युरोपात जन्मली, असे मानण्याचे कारण नाही. लोकभाषेने ती आधीच हस्तगत केलेली होती.

११/२४
मराठीत मात्र वड, पिंपळ आणि उंबर यांना समान आडनाव नाही. वडाला पारंब्या, पिंपळाला टोकदार सळसळती पाने, उंबराला खोडालाच लगडलेली फळे. दिसायला तिघे तीन तऱ्हांचे. त्यांचे नाते फळाच्या आत दडलेले आहे. या झाडांची फुले बाहेर फुलत नाहीत. फळासारख्या दिसणाऱ्या बंद गोळ्याच्या आतल्या अंगाला ती असतात. म्हणूनच क्वचित दिसणाऱ्या माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे ते फूल हाच या तिघांच्या कुळीचा पुरावा. ते एकमेकांचे ‘कॉन्जेनर’ आहेत.

१२/२४
याच्या उलट उदाहरण कोकणच्या किनाऱ्यावर उभे आहे: पारसपिंपळ, म्हणजे भेंड. पान पिंपळासारखे हृदयाकृती, म्हणून नावात पिंपळ. आयुर्वेदातील ‘पंचवल्कल’ या प्रसिद्ध गटात न्यग्रोध, उदुंबर, अश्वत्थ आणि प्लक्ष यांच्या जोडीला हाच पारीष येतो. पहिले चौघे ‘फायकस’ कुळीचे. पाचवा मात्र जास्वंदीच्या आणि कापसाच्या कुळातला. सालीच्या औषधी उपयोगासाठी पाचांची माळ ओवली गेली आणि ती त्या कामापुरती योग्यच होती. पण ती माळ होती, कूळ नव्हते. नावातला पिंपळ नात्याचा दाखला देऊ शकत नाही.

१३/२४
स्वीडनचा कार्ल लिनिअस याने १७३५ मध्ये ‘सिस्टेमा नातुरे’ प्रसिद्ध केले. पुढे त्याने प्रत्येक जीवाला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत पक्की केली: आधी ‘गेनुस’, मग विशेषनाव. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांनाही ती लागू झाली. आता ‘कॉन्जेनर’ला काटेकोर अर्थ मिळाला: नावाचा पहिला शब्द ज्यांचा एक, ते कॉन्जेनर. गंमत अशी, की त्या आवृत्तीत लिनिअसने बेडूक आणि भेक सरसकट ‘राना’ या एकाच गटात टाकले. त्याच्या दृष्टीने जगातले सारे बेडूक आणि सारे भेक एकमेकांचे सजातीय होते.

१४/२४
एकोणिसाव्या शतकात सारखेपणाचीच चिकित्सा सुरू झाली. १८४३ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी दोन शब्द वेगळे केले. काम सारखे पण रचना वेगळी असेल तर ‘ॲनालॉग’: फुलपाखराचा पंख आणि पक्ष्याचा पंख. रचना मुळात एक, काम वेगळे असले तरी चालेल, तर ‘होमोलॉग’: माणसाचा हात आणि वटवाघळाचा पंख. ही मूळ रचना एक का असते, याचे उत्तर १८५९ मध्ये चार्ल्स डार्विन यांच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ने दिले: कारण पूर्वज एक आहे. वर्गीकरण म्हणजे वंशावळ, हा विचार पुढे आला आणि ‘कॉन्जेनर’मधला ‘जन्म’ शब्दशः खरा ठरला.

१५/२४
मराठी परिभाषेत येथे एक पेच आहे. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत ‘जीनस’ला प्रजाती आणि ‘स्पीसीज’ला जाती म्हणतात, कुळाखाली प्रजाती, प्रजातीखाली जाती. हिंदीत ‘जीनस’साठी वंश आणि ‘स्पीसीज’साठी प्रजाति असा वापर बराच रूढ आहे. त्यामुळे मराठी बातम्यांत ‘नवी प्रजाती सापडली’ असे वाचले, तर नवा वंश सापडला की एक नवा सदस्य, हे कळत नाही. शालेय परिभाषेनुसार कॉन्जेनर म्हणजे ‘एकाच प्रजातीतल्या वेगळ्या जाती’. आंबोलीच्या बाबतीत हा भेद निर्णायक आहे. कारण तेथे जाती आणि प्रजाती दोन्ही नव्या ठरल्या.

१६/२४
आंबोलीकडे वळण्यापूर्वी या शब्दाचे आणखी दोन अर्थ. काजूच्या बोंडांचा रस आंबतो, तेव्हा मद्यार्काबरोबर इतरही अनेक द्रव्ये अल्प प्रमाणात तयार होतात: आल्डिहाइड, एस्टर, उच्च प्रतीची अल्कोहोले. त्यांना मद्यशास्त्रात ‘कॉन्जेनर’ म्हणतात. एकाच आंबवणीत सोबत जन्मलेले, म्हणून हे नाव. ही द्रव्ये दिसायला वा गुणाने सारखी असण्याची गरज नाही. जन्मस्थान एक, एवढेच पुरे. फेणीचा तो दुरून ओळखू येणारा उग्र वास अशाच द्रव्यांचा. व्होडकात ती नगण्य असतात. गोव्याच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले तेही २००९ मध्येच.

१७/२४
रसायनशास्त्रातला अर्थ अधिक गंभीर. विजेच्या रोहित्रांत एकेकाळी वापरली जाणारी पीसीबी ही द्रव्ये म्हणजे एकाच सांगाड्यावर क्लोरिनचे अणू वेगवेगळ्या जागी बसवून होणारी रचना. अशा रचना एकूण २०९ होतात आणि प्रत्येकीला ‘कॉन्जेनर’ म्हणतात. सांगाडा एक, तरी विषारीपणा प्रत्येकीचा वेगळा. सर्वांना एका नावाने पुकारले, तर कोणती किती घातक हे झाकले जाते. २००१ च्या स्टॉकहोम करारात या द्रव्यांवर निर्बंध आले. सारख्या वस्तूंतला फरक मोजणे हा येथे आरोग्याचा प्रश्न होता.

१८/२४
आता भेकांकडे. लिनिअसनंतर भेक बेडकांपासून वेगळे काढले गेले आणि ‘बुफो’ नावाची प्रजाती रूढ झाली. ती वाढत वाढत इतकी फुगली, की आशिया, आफ्रिका, युरोप, अमेरिका येथील दोनशेहून अधिक जाती तिच्यात जमा झाल्या. १९६३ मध्ये सोमण यांनी सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरातून एका नव्या भेकाचे वर्णन केले. कोयनेच्या नावावरून त्याचे नामकरण झाले आणि तोही ‘बुफो’मध्येच गेला. कागदोपत्री त्याला जगभर शेकडो सजातीय होते. प्रत्यक्षात ती एक लांबच लांब माळ होती.

१९/२४
एकविसाव्या शतकाच्या आरंभी जनुकांची तुलना करणे सुकर झाले. २००६ मध्ये डॅरेल फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी उभयचरांची विस्तृत वंशावळ मांडली. तिच्यात ‘बुफो’ची माळ तुटली, तिचे अनेक गट झाले. महाराष्ट्रात अंगणात, परसात दिसणारा नेहमीचा भेक तेव्हापासून ‘दत्ताफ्रायनस’ झाला. हे नाव भारतीय उभयचरतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्या सन्मानार्थ आहे. कोयनेच्या भेकाचे मात्र काय करायचे, हे ठरायचे होते. त्याच्या खऱ्या भावंडाचे नावही अद्याप कुठे नोंदले गेले नव्हते.

२०/२४
ते भावंड सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेला, आंबोलीच्या सड्यावर होते. २००९ मध्ये एस. डी. बिजू, इनेस व्हान बॉक्सलेअर, वरद गिरी, सायमन लोडर आणि फ्रँकी बोसाइट यांनी पश्चिम घाटातील भेकांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. जनुकांची तुलना आणि शरीररचना यांवरून आंबोलीचा भेक ही स्वतंत्र जाती ठरली, आणि ती व कोयनेचा भेक मिळून एक स्वतंत्र, केवळ पश्चिम घाटातली प्रजाती सिद्ध झाली. शेकडो मानलेल्या भाऊबंदांच्या जागी एक सख्खा भाऊ उरला. भेक तोच होता, कातळ तोच होता. एका शब्दाची व्याप्ती मात्र शेकड्यांवरून एकावर आली.

२१/२४
या प्रजातीचे नाव ‘झँथोफ्रायने’. ग्रीकमध्ये ‘झँथोस’ म्हणजे पिवळा, ‘फ्रायने’ म्हणजे भेक. प्राचीन अथेन्समधील एका विख्यात सौंदर्यवतीला तिच्या पिवळसर वर्णामुळे हेच टोपणनाव पडल्याचे सांगतात. आंबोलीच्या जातीचे विशेषनाव ‘टायग्रिना’, कुशीवरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून. ही नावे दिसण्यावरून पडली. नाते मात्र दिसण्यावरून ठरले नाही. त्याच निबंधात घाटावरून नाव घेतलेली ‘घाटोफ्रायने’ ही आणखी एक प्रजाती स्थापन झाली. ‘घाट’ हा आपला शब्द तेव्हा लॅटिन वळणाच्या नामावळीत जाऊन बसला.

२२/२४
आंबोलीतच एक विरोधी उदाहरण आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडातून २०२० मध्ये ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ या माशाचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ घोषित केली. ‘शिस्तुरा’ या प्रजातीत आशियाभर दोनशेहून अधिक जाती आहेत. म्हणजे एकाच गावात एका माशाला शेकडो सजातीय आणि एका भेकाला एकच. दोघेही दुर्मीळ, पण दोघांच्या नष्ट होण्याचा अर्थ वेगळा. मासा गेला तर मोठ्या घराण्यातला एक वंशज जाईल. भेक गेला तर अर्धे घराणे जाईल.

२३/२४
ही केवळ कल्पना नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत आंबोलीच्या भेकाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ आणि कोयनेच्या भेकाची ‘संकटग्रस्त’ अशी झाली. विणीचा सडा खोदला, सपाट केला वा वाहनतळाखाली गेला, तर खळगे जातात. पावसाळी रात्री घाटरस्त्यावर चाके फिरतात, तेव्हा ओल्या डांबरावर निघालेले उभयचर चिरडले जातात. २००७ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने ‘एज’ हा उपक्रम सुरू केला. ज्या जातींचे नातलग मोजके आणि धोका मोठा, त्यांना तो अग्रक्रम देतो. वंशावळीतले एकटेपण आता रक्षणाचे कारण मानले जाते. ‘बुफो’च्या गर्दीत हे एकटेपण कुणाला दिसलेच नसते.

२४/२४
शेवटी माणूस. १७५८ मध्ये लिनिअसने त्याला ‘होमो सेपियन्स’ म्हटले. ‘होमो’ प्रजातीतले निअँडरथल सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी नाहीसे झाले. आज माणसाला जिवंत कॉन्जेनर एकही नाही. आंबोलीच्या भेकापेक्षाही तो एकटा आहे. जगातली सारी माणसे एकाच जातीची, आणि तरीही ‘जात’ हा शब्द मराठीत त्यांच्यामध्ये भिंत म्हणून उभा राहिला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दाखवले, की जात टिकते ती गटाबाहेर विवाह न करण्याच्या बंधनाने. निसर्गातल्या दोन जातींमधली सीमा निसर्ग राखतो. माणसांच्या जातींमधली सीमा राखायला नियम, धाक आणि बहिष्कार लागतो. जे जन्माने वेगळे असते, त्याला वेगळे ठेवण्यासाठी एवढा बंदोबस्त करावा लागत नाही. कोयनेच्या आणि आंबोलीच्या भेकांचे नाते कुणी न सांगताही खरे होते. माणसांना जातीजातींत ओवणारा दोरा मात्र माणसाच्याच हातचा आहे, आणि हातचा दोरा तोडता येतो.